वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

लग्नाचं जेवण आटोपून हात धुतले, की पाय आपोआप मांडवाच्या एका कोपऱ्याकडे वळतात. तिथे टेबलावर स्टीलचं एक चकचकीत यंत्र असतं. खाली शेगडी, वर दाबाची तबकडी, बाजूला वाकड्या चोचीसारखी नळी. यंत्रवाला पेल्यात कॉफीची पूड, साखर आणि दूध घालतो, पेला नळीखाली धरतो आणि तोटी पिळतो. 'खर्रर्र' असा आवाज होतो, दूध फेसाळत काठापर्यंत येतं. वर चिमूटभर चॉकलेटची पूड पडली, की 'एस्प्रेसो' तयार! काही जण तिला 'एक्स्प्रेसो' म्हणतात.

हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठच्या मांजरीत लग्न असो की कोल्हापुरात, हे दृश्य एकच. आता मात्र एक घोटाळा झाला आहे. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत आलं. आजूबाजूला सोसायट्या झाल्या, त्यांच्या खाली कॉफीची दुकानं आली. त्या दुकानात शिरून एखाद्या विद्यार्थ्याने 'एस्प्रेसो' मागितली, तर त्याच्यापुढे काय येतं? बोटभर उंचीच्या कपात दोन घोट काळी, कडक कॉफी. त्यात ना दूध, ना साखर, ना चॉकलेट. वर फक्त तांबूस सायीचा एक पातळ थर.

मग खरी एस्प्रेसो कोणती? मांडवातली खोटी आहे का? आणि ही दोन घोटांची कॉफी घरी करता येईल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात. ती गोष्ट आहे दाब आणि तापमान यांच्या नात्याची. हे नातं आपण नववी-दहावीत कुकरच्या उदाहरणाने शिकवतो. इटलीतल्या कॉफीवाल्यांना ते समजून घ्यायला आणि मग सोडवायला साठ-सत्तर वर्षं लागली.

घाई आणि बारीक पूड

कॉफी करणं म्हणजे भाजलेल्या बियांच्या पुडीतले विरघळणारे पदार्थ गरम पाण्यात उतरवणं. पूड जितकी बारीक तितकं हे काम लवकर होतं. खडीसाखर आणि पिठीसाखर यांच्यात जो फरक, तोच इथे. एक सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौ. सेंमी असतं. त्याचे एक मिमी बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ 60 चौ. सेंमी होतं. दशांश मिमीचे केले, तर 600.

पण बारीक पुडीत एक अडचण असते. ती घट्ट बसते आणि पाण्याला वाटच देत नाही. दक्षिणी पितळी फिल्टरमध्ये वरच्या भांड्यातलं पाणी फक्त स्वतःच्या वजनाने खाली झिरपतं, म्हणून डिकॉक्शन उतरायला पाव-अर्धा तास लागतो. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता हेन्री डार्सी याने 1856 साली मांडला. थर तोच असेल, तर पाण्याचा प्रवाह दाबातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बारीक पूड हवी आणि घाईही असेल, तर पाणी दाबाने ढकलायला हवं.

घाई होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या तुरिन, मिलान या शहरांत कॉफीगृहं गजबजलेली होती आणि गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नव्हता. शिवाय तो काळ वाफेचा होता. आगगाड्या वाफेवर, गिरण्या वाफेवर. मग कॉफी का नको?

पहिलं पाऊल : वाफेचा बंब

तुरिनच्या अँजेलो मोरिऑन्दो याने 1884 साली वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी शहरात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं. त्याचं यंत्र एका वेळी बरीच कॉफी काढायचं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा, ताजा कप काढण्याची सोय मिलानच्या लुइजी बेझ्झेरा याने केली. त्याने 1901 साली पेटंटसाठी अर्ज केला. दांड्याला जोडलेली छोटी गाळणी, तिच्यात एका कपापुरती पूड, आणि तो दांडा यंत्राला फिरवून घट्ट बसवायचा. आजच्या कोणत्याही कॉफीच्या दुकानात हा दांडा तुम्हाला दिसेल. देझिदेरिओ पाव्होनी याने बेझ्झेराचे हक्क विकत घेतले, 1905 पासून यंत्रं बनवायला सुरुवात केली, आणि 1906 च्या मिलानच्या प्रदर्शनात लोकांनी ही कॉफी चाखली.

ही यंत्रं दिसायला थेट आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखी होती. उभा, गोल, चकचकीत. आत पाणी, खाली जाळ. फरक इतकाच की हा बंब बंद होता. कोंडलेली वाफ पाण्यावर दाब देई आणि ते पाणी पुडीतून बाहेर पडे.

'एस्प्रेसो' या इटालियन शब्दात 'दाबून काढलेली', 'झटपट' आणि 'खास तुमच्यासाठी केलेली' असे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत. 1922 साली लिओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराने अशाच एका यंत्राची जाहिरात काढली. त्यात धावत्या आगगाडीतून बाहेर झुकून एक माणूस यंत्राखाली कप धरतो आहे. तेव्हा 'एक्स्प्रेसो' म्हणणारे आपले मामा-काका अगदीच चुकत नाहीत!

वाफेचा दोष

ही कॉफी झटपट होई, पण बऱ्याचदा करपट लागे. का?

कुकर आठवा. उघड्या भांड्यात पाणी साधारण 100° सेल्सिअसला उकळतं (पुण्याच्या उंचीवर 98° च्या आसपास). कुकरमध्ये वाफ कोंडली, की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी 120° पर्यंत तापतं. डाळ शिजायला हे उत्तम. बेझ्झेराच्या बंबातला दाब आपल्या कुकरपेक्षा थोडासाच जास्त होता. वातावरणाच्या दाबापेक्षा दीडपट अधिक धरला, तर आतलं पाणी सुमारे 127° ला असतं. कॉफीला मात्र 90° ते 96° चं पाणी मानवतं. त्याहून बरंच गरम पाणी किंवा थेट वाफ पुडीला लागली, की नको ते कडू पदार्थही उतरतात.

मग कुणी म्हणेल, जाळ कमी करा. पण जाळ कमी केला की दाबही उतरतो! कोंडलेल्या पाण्याच्या वाफेत दाब आणि तापमान ही जोडी अशी बांधलेली असते की एक वाढवलं की दुसरं वाढतंच. बारीक पुडीतून अर्ध्या मिनिटात पाणी काढायला वातावरणाच्या नऊपट जादा दाब लागतो. तो नुसत्या वाफेने मिळवायचा, तर पाणी 180° पर्यंत तापवावं लागेल. कॉफीचा कोळसाच व्हायचा.

मांजरीतलं उलट उदाहरण

हीच जोडी उलट बाजूने कामाला लावलेली पाहायची असेल, तर मांजरीतच एक संस्था आहे. साखर कारखान्यांनी 1975 साली स्थापन केलेली आणि पुढे वसंतदादा पाटलांचं नाव दिलेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. साखर कारखान्यांच्या तंत्राचं शिक्षण आणि संशोधन इथे चालतं.

गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटवतात. शेवटी शेवटी तो 115°-120° पर्यंत जातो आणि गूळ तांबूस होतो. त्या रंगात तापमानाचाही वाटा असतो. पांढरी साखर हवी, तर रस इतका तापवून चालत नाही. मग कारखान्यात काय करतात? बंद भांड्यातली हवा काढून घेतात. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो आणि पाक 60°-70° लाच उकळू लागतो. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1813 च्या सुमारास ही निर्वात भांड्याची युक्ती काढली.

म्हणजे साखरवाल्यांना तापमान उतरवायचं होतं, म्हणून त्यांनी दाब उतरवला. त्यांचं काम सोपं झालं, कारण दाब आणि तापमान दोन्ही एकाच दिशेने हवे होते. कॉफीवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना दाब हवा होता खूप, आणि तापमान हवं होतं बेताचं. वाफ हे दोन्ही एकत्र देऊ शकत नाही. यावर एकच उपाय उरतो. दाबाचं काम वाफेकडून काढून घ्यायचं.

1938 सालचे दोन रस्ते

या दिशेने प्रयत्न सुरू झाले. फ्रान्चेस्को इल्ली याने 1935 साली वाफेऐवजी दाबलेली हवा वापरून पाहिली. मिलानमध्ये कॉफीगृह चालवणाऱ्या आकिले गाज्जा याने 1938 साली दट्ट्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मग महायुद्ध आलं. युद्धानंतर, 1947 साली, त्याने दट्ट्याला दांडा आणि मजबूत स्प्रिंग जोडली.

ती अशी चाले. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जाई आणि बंबातलं गरम पाणी दट्ट्याच्या नळकांड्यात येई. नळकांडं त्या मानाने थंड, त्यामुळे पाणी जरा निवे. दांडा सोडला की स्प्रिंग सुटे आणि दट्ट्या पाण्याला पुडीतून ढकले. दाब वातावरणाच्या आठ-नऊपट! एका चौ. सेंमीवर सुमारे 9 किलो. आजच्या दुकानी यंत्रातल्या गाळणीचा व्यास साधारण 58 मिमी असतो. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 26 चौ. सेंमी, आणि पुडीवरचा एकूण भार 240 किलोच्या आसपास. पाण्याच्या टाकीने हा दाब मिळवायचा, तर टाकी 90 मीटर उंच, म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवर ठेवावी लागेल.

या कॉफीवर एक नवी गोष्ट दिसू लागली. तांबूस फेसाचा थर. बिया भाजताना त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि अडकून राहतो. जास्त दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात पडताच, दाब उतरल्यावर, सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुड्यांनी बाहेर येतो. कॉफीतली तेलं आणि इतर पदार्थ यांत तो फेस टिकून राहतो. गिऱ्हाइकं आधी बिचकली, असं सांगतात. गाज्जाने तिला नाव दिलं 'कॉफीची साय'.

आता त्याच 1938 सालातली दुसरी घटना पाहा. ब्राझीलमध्ये कॉफी पडून होती आणि ती टिकवायची कशी, या प्रश्नावर स्वित्झर्लंडमधल्या नेस्ले कंपनीत माक्स मॉर्गनथालर अनेक वर्षं खटपट करत होता. कॉफी कारखान्यातच काढायची, ती वाळवायची आणि उरलेली पूड विकायची. ही नेसकॅफे 1938 साली बाजारात आली. या पुडीतून काही उतरवायचं नसतं, ती सगळीच विरघळते. गाळणी नको, दाब नको, चोथा नाही.

एकाच वर्षी दोन रस्ते फुटले. एकाने दाब वाढवला. दुसऱ्याने दाबाची गरजच संपवली.

आपल्याकडे काय आलं?

कॉफी आपल्याला परकी नव्हती. कर्नाटकातल्या चंद्रगिरीच्या डोंगरावर बाबा बुदन यांनी अरबस्तानातून बिया आणून लावल्याची कथा सतराव्या शतकातली आहे. आपल्या मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत. मुंबईत 1936 साली इंडिया कॉफी हाउस सुरू झालं. मराठी घरात मात्र कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली, बहुधा उपासाची किंवा जागरणाची. अशा घरात विरघळणारी पूड सहज शिरली. इटलीची दट्ट्याची यंत्रं महाग, आणि ताजी भाजलेली, हवी तशी दळलेली कॉफी रोज कुठून आणायची?

मग मांडवातल्या यंत्राने काय केलं? 1901 सालची वाफ घेतली, 1938 सालची विरघळणारी पूड घेतली आणि दोघींची गाठ दुधात मारली. नाव तेवढं पहिलीचं राहिलं.

हे यंत्र चुकीचं आहे का? थोडा हिशेब करू. पेल्यातलं 150 ग्रॅम दूध 30° वरून 65° पर्यंत तापवायला सुमारे 5250 कॅलरी लागतात (दुधाची विशिष्ट उष्मा धारकता पाण्याइतकी धरून). एक ग्रॅम वाफ पाणी होताना 540 कॅलरी अप्रकट उष्मा देते आणि ते पाणी 65° पर्यंत निवताना आणखी 35. म्हणजे लागणारी वाफ फक्त 9 ग्रॅम. पेल्यात दोन चमचेसुद्धा पाणी वाढत नाही, दूध काही सेकंदांत तापतं, बुडाला लागत नाही, आणि वाफेच्या झोताबरोबर ओढली गेलेली हवा दुधातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेला फेस बनते. दूध तापवायला याहून चांगलं साधन शोधून सापडणार नाही.

गंमत म्हणजे इटलीतही शेवटी हेच ठरलं. फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्ते याने 1961 साली नवं यंत्र आणलं. नाव ई-61, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून. त्यात नळाचं थंड पाणी विजेचा पंप नऊपट दाबाने ढकलतो. ते पाणी बंबातून जाणाऱ्या नळीत तापतं आणि कॉफीकडे जातं. दाब पंपाचा, उष्णता बंबाची. दोघांची फारकत पूर्ण झाली. आणि बंबातली वाफ? ती फक्त दूध फेसाळण्यासाठी. अर्थात, मांडवातलं यंत्र म्हणजे या इटालियन यंत्राचा दूध तापवणारा अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग आपल्याकडे सर्रास दिसू लागला तो बंगळुरूला 1996 साली आणि मुंबईला 2012 साली मोठ्या साखळी-दुकानांची सुरुवात झाल्यानंतर.

घरी करायची तर

आता तिसरा प्रश्न. घरी करता येईल का? तीन वाटा आहेत.

पहिली, आपली जुनी. चमचाभर विरघळणारी कॉफी, तितकीच साखर, थेंबभर पाणी, आणि पांढरट होईपर्यंत फेटत राहायचं. वर गरम दूध. 2020 च्या टाळेबंदीत हीच कॉफी 'डालगोना' या कोरियन नावाने जगभर गाजली, तेव्हा आपल्याकडच्या अनेक आज्यांना हसू आलं असेल! इथला फेस हवेचा, साखरेच्या घट्ट पाकाने धरलेला. दाबाचा यात संबंध नाही.

दुसरी, मोका भांडं. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती याने 1933 साली आणलेलं हे ॲल्युमिनियमचं भांडं गॅसवर ठेवायचं. खालच्या कप्प्यातली हवा आणि वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलतात. दाब बेझ्झेराच्या बंबाहून जास्त नसतो, म्हणून पूड रव्यासारखी ठेवावी, दाबून भरू नये आणि गुरगुर ऐकू येताच भांडं उतरवावं. त्यापुढे येते ती वाफ आणि करपट चव. कॉफी छान होते, पण ती एस्प्रेसोची थोरली बहीण.

तिसरी, पंपाचं किंवा हाताच्या दांड्याचं छोटं यंत्र. यातच खरी एस्प्रेसो होते. नियम थोडे आहेत. बिया ताज्या भाजलेल्या असाव्यात, नाहीतर साय येणार नाही. त्या आयत्या वेळी दळाव्यात. 18 ग्रॅम पुडीतून सुमारे 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत यावी. दहा सेकंदांतच भसकन आली आणि आंबट लागली, तर पूड आणखी बारीक करा. थेंबथेंब आली आणि कडू झाली, तर जाड करा. यंत्रावर '15 बार' लिहिलेलं असलं, तरी ती पंपाची ताकद झाली. पुडीला नऊच हवेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच सांगतो ना?

एक गोष्ट मात्र करू नका. कुकरची शिटी काढून तिथे नळी जोडायची आणि वाफेने दूध फेसाळायचं, अशी युक्ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. शिटीचं काम दाब मर्यादेत ठेवण्याचं आहे. गॅस बंद केल्यावर आतली वाफ निवते, दाब उतरतो आणि दूध नळीत मागे ओढलं जातं. ते वाळून नळी बुजली, की पुढच्या खेपेला वाफेला वाट राहत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखं

सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. साधारण 70° चं थोडं पाणी ओढून घ्या, आतली हवा काढा, तोंड बंद करा आणि दट्ट्या मागे खेचा. पाणी उकळताना दिसेल. हे झालं साखर कारखान्याचं भांडं. आता दुसऱ्या सिरिंजमध्ये तळाशी कापसाचा पातळ थर, त्यावर कॉफीची पूड, वर कोमट पाणी. आधी ते आपोआप किती वेळात गळतं ते मोजा, मग दट्ट्या सावकाश दाबून मोजा. जाड आणि बारीक पूड घेऊन पुन्हा करा. हा झाला डार्सीचा नियम आणि गाज्जाचा दट्ट्या. (ही कॉफी पिण्यासाठी नाही.)

मग मुलांना विचारा, मांडवातली एस्प्रेसो खरी की खोटी? उत्तरं बरीच येतील. ती कशी होते, त्यातला दाब कुठे जातो आणि वाफ काय करते, हे ज्याला सांगता आलं, त्याला नावाची अडचण पडत नाही. शेवटी उसाचा रस तोच. निर्वात भांड्यात त्याची साखर होते, उघड्या काहिलीत गूळ होतो. आणि गुळाला कुणी बिघडलेली साखर म्हणत नाही.